अकरा गळ्यांची मिडी फाइल

आमच्या घरमालकीणबाई एका रविवारी सकाळी जिना चढून वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अगं, माझ्या कडव्याला ढोल वाजतो."

मी चहा गाळत होते. म्हैसूरला येऊन मला बारा वर्षं होत आली, तरी इथल्या जुन्या मराठी घरांतलं मराठी ऐकताना मी अजून क्षणभर अडखळते. वाक्य मराठी चालीनं निघतं आणि मध्येच एखादा कानडी शब्द पाहुण्यासारखा येऊन बसतो. मला वाटलं, ढोल म्हणजे कानडीत दुसरंच काहीतरी असेल. पण ढोल म्हणजे ढोलच होता.

"मिसनी कंप्यूटरमधे पेटी भरली आहे," त्या सांगू लागल्या. "काल आम्ही तिघी त्यांना बघायला गेलो तर लावून दाखवली. पहिल्या नऊजणींना सरळ पेटी. दहावी मी. माझी वेळ आली की धाडधाड ढोल, झांजा! त्या दोघी हसून हसून लोळल्या. तू ते कंप्यूटरचं म्युझिक करतेस अल्वा? स्वल्प येऊन बघ की."

अल्वा म्हणजे हो ना. मी हसू दाबलं. ऐकल्याबरोबर मला रोग कळला होता, आणि रोग कळल्याचा आनंद मला जरा जास्तच होतो. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. सांगलीहून इथं आले ती याच नोकरीसाठी. शनिवार-रविवारी विजयनगरातल्या या भाड्याच्या घरात एक छोटा कीबोर्ड आणि एक सिक्वेन्सिंग सॉफ्टवेअर घेऊन बसते आणि कुणी न ऐकलेल्या चाली जुळवते. स्वभावानं मी नेटकेपणाची वेडी आहे. कुणाच्या घरी भिंतीवरचं चित्र तिरकं दिसलं तर मला गप्पा सुचत नाहीत.

मिस राहायच्या जयलक्ष्मीपुरममध्ये. तिथं त्यांनी पस्तीसेक वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. अर्ध्या गावाच्या बोटांना त्यांनी वळण लावलं, म्हणून पंचाहत्तरीतही सगळ्यांसाठी त्या 'मिस'च. त्यांचं घराणं चार-पाच पिढ्या इथलंच. घरात मराठी, बाहेर कानडी, आणि राग आला की घरातही कानडी. दर गुरुवारी दुपारी साडेतीनला त्यांच्याकडे मिस धरून अकरा बायका जमायच्या आणि गायच्या. शेवटी नेहमी एकच पद असायचं, त्यांच्या आजोळचं, अकरा कडव्यांचं, अर्धं मराठी आणि अर्धं कानडी. एकेका बाईनं एकेक कडवं उचलायचं आणि मिसनी सगळ्याजणींमागे पेटी धरायची. अकरावं कडवं मिसचं स्वतःचं. तबला नाही, टाळ नाही, फक्त पेटी आणि गळा.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ थोडी जड राहिली, पण उजवा हात गेला तो गेलाच. पेटीवर उजवा हात नसेल तर भाता हलवून काय करणार? गुरुवार बंद पडला. बायकांनी एकदा कुणाच्या तरी घरी फोनवरचं तयार संगीत लावून गाऊन बघितलं, तर भांडणं होऊन उठल्या. दोघी दुसऱ्या भजनी मंडळात जायला लागल्या. दसरा जवळ येत होता, आणि एकदा घरोघरी बाहुल्या मांडायची गडबड सुरू झाली की कुणी कुणाला सापडणार नव्हतं. तेव्हा मिसनी सगळ्यांना निरोप धाडला होता की येत्या गुरुवारी या, पेटी तयार आहे. ती पेटी म्हणजे ही फाइल.

मी गेले तेव्हा मिस खिडकीशी बसल्या होत्या. समोर भाच्यानं दिलेला जुना लॅपटॉप, आणि डाव्या बाजूला वेगळा विकत आणलेला आकड्यांचा छोटा कीपॅड. तो उजव्या बाजूला असतो असं आपण धरून चालतो. मिसनी तो डाव्या हाताखाली घेतला होता आणि न बघता त्यावर बोटं चालवत होत्या. स्क्रीनवर आकड्यांची यादी होती, नुसती यादी.

इथं दोन शब्द सांगायला हवेत. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कुठला स्वर, कधी दाबला, किती जोरात, कधी सोडला, एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे ती पुरणपोळी नव्हे, पुरणपोळीची कृती. ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये न्या, कुठल्याही कीबोर्डमध्ये घाला, जो तो आपापल्या आवाजात ती वाचून वाजवतो. एवढ्या वर्षांत किती कंपन्या आल्या आणि बुडाल्या, पण ही साधी फाइल सगळीकडे उघडते. मला तिचं नेहमीच कौतुक वाटत आलं आहे. माझ्यासारखी माणसं स्क्रीनवरच्या पट्ट्या माउसनं ओढून किंवा कीबोर्ड वाजवून ती बनवतात. मिसनी ती टाइप केली होती. प्रत्येक स्वराचा क्रमांक, प्रत्येकाची वेळ, प्रत्येकाची लांबी, सगळं डाव्या हातानं, चार महिने. मी ती यादी खाली सरकवत गेले आणि ती संपेचना. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत, पण माझ्या अंगावर असा काटा फार क्वचित आला.

"मिस, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कोण शिकवणार? मॅन्युअल वाचलं. टाइपच आहे की हे." मग हसून म्हणाल्या, "ह्याच्यात पण टाइप आहेत बघ. टाइप शून्य, टाइप एक. एवढी वर्षं टाइप शिकवलं, शून्य टाइप कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे शून्य म्हणजे नापास."

त्या बोलत होत्या ते खरं होतं. अशी फाइल बाहेर काढताना सॉफ्टवेअर विचारतं की सगळे ट्रॅक वेगवेगळे ठेवू की एकात मिसळू? वेगवेगळे म्हणजे टाइप एक, मिसळलेले म्हणजे टाइप शून्य. मिसकडे जो जुना कीबोर्ड होता तो पेन ड्राइव्हवरून फक्त शून्यवालीच वाचायचा. हे त्यांनी स्वतः, हरप्रकारे करून बघून, शोधून काढलं होतं. म्हणून त्या काम करायच्या टाइप एकमध्ये, वाजवायच्या वेळी टाइप शून्य काढायच्या आणि वाजवून झालं की ती पुसून टाकायच्या, दोन-दोन फायलींचा घोळ नको म्हणून.

त्यांनी प्रत्येक बाईसाठी एक ट्रॅक केला होता आणि ट्रॅकला त्या बाईची ओळख लिहिली होती. एकीचं नुसतं 'येलवाल', कारण ती तिथून बसनं यायची. एकीचं 'दमा'. आमच्या घरमालकीणबाईंचं 'विजयनगर'. शेवटच्याचं 'मी'. पहिल्या बाईला पहिला चॅनल, दुसरीला दुसरा, असे अकरा. चूक तिथंच होती, आणि ती चूक मिसच करू शकत होत्या. बायका क्रमानं बसतात, त्यांना क्रमानंच नंबर द्यायचे, ही त्यांची शिस्त. पण मिडीच्या जगात दहावा चॅनल ठरून ढोल-ताशांना दिलेला आहे. तिथं कुठलाही स्वर पाठवा, त्याचा ढोल होतो. मी घरमालकीणबाईंना बाराव्या चॅनलवर नेलं, तिथं पेटीचा आवाज नेमून दिला, आणि दोन मिनिटांत ढोल थांबले.

"आयतु?" मिसनी विचारलं. झालं?

"झालं."

त्यांनी माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की माझं डोकं फिरलं. पुढचं सगळं त्या कौतुकामुळे घडलं. मी म्हटलं, "मिस, ही फाइल घरी नेते. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून अजून थोडी नीट करून आणते." मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि निघाले.

घरी येऊन ती मी इम्पोर्ट केली आणि माझे डोळे पांढरे झाले. माझ्या स्क्रीनवर मात्रांच्या उभ्या रेघा असतात. मिसचा एकही स्वर रेघेवर नव्हता. कुठे रेघेच्या अलीकडे, कुठे पलीकडे, कुठे ओळीच्या सुरुवातीला भलंमोठं भगदाड. मला वाटलं, डावा हात आहे, वय आहे, आकडे चुकले असणार बिचारीचे. क्वांटाइझ नावाची एक सोय असते. ती प्रत्येक स्वर उचलून जवळच्या रेघेला चिकटवते. मी सगळं निवडलं आणि बटण दाबलं. हजारो स्वर शिपायांसारखे रांगेत उभे राहिले, आणि मला अगदी घर झाडून काढल्याचं समाधान वाटलं. मग ती फाइल त्याच नावानं त्याच पेन ड्राइव्हवर काढली. सोमवारी ऑफिसला जाताना मिसच्या लॅपटॉपवरही घातली. लॅपटॉपनं विचारलं, या नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू? मी हो म्हटलं. आमच्या धंद्यात असं 'हो' म्हणणाऱ्याला मी स्वतः फाडून खाते.

गुरुवारी मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. खोटं कशाला सांगू, मला शाबासकी हवी होती.

दहाच्या दहाजणी आल्या होत्या. टाइप शून्य काढून कीबोर्डमध्ये पेन ड्राइव्ह घातला, पेटी सुरू झाली. पहिल्या बाईंनी कडवं उचललं आणि दुसऱ्याच ओळीला पेटी पुढे निघून गेली. त्या धावत तिला गाठायला गेल्या, तोवर पुढची ओळ आली. दुसरीचं तसंच, तिसरीचंही. येलवालच्या बाई ओळीच्या आधीच घुसतात अशी त्यांची खोड, त्या घुसल्या आणि पेटीच आली नाही म्हणून गप्प बसल्या. दम्याच्या बाईंनी दोन ओळी कशाबशा ओढल्या. तिसऱ्या ओळीला त्यांनी तोंड उघडलं, श्वास घेतला, तेवढ्यात पेटी अर्धी ओळ वाजवून गेली होती. त्या खाली बसल्या आणि पदराआड खोकत राहिल्या. कुणीतरी कीबोर्ड बंद केला.

"मशीन ते मशीन," एक बाई म्हणाल्या. "साकु, मिस. पुरे आता. तुमचा हात होता तोवर होतं ते."

येलवालच्या बाई म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. पण आता बंद करू या आपण."

मिस माझ्याकडे बघत होत्या. "माझे आकडे कुठे गेले?"

"मिस, ते सगळे पुढे-मागे झाले होते. मी नीट केले."

"नीट?" त्या म्हणाल्या. "ते नीटच होते की गं."

मग त्या बायकांकडे वळल्या. जिभेचा जडपणा असूनही एकेक शब्द स्पष्ट होता. "पुढच्या गुरुवारी एकदा या. एकदाच. नाही जमलं तर बंद म्हणून मीच सांगते."

बायका गेल्यावर मी मूळ फाइल कुठे आहे ते सांगितलं. म्हणजे कुठेच नाही ते सांगितलं. मिस रागावल्या. पूर्ण कानडीत रागावल्या, पाच मिनिटं. मला त्यातले दोनच शब्द ओळखू आले, 'बुद्धी' आणि 'इल्ल', म्हणजे नाही, आणि दोन पुरेसे होते. मी मान खाली घालून उभी होते. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, मला रडू आवरेना. चार महिने एका हातानं केलेलं काम मी एका बटणानं पुसलं होतं, आणि वर चांगलं केल्याच्या ऐटीत मिरवत आले होते.

त्यांचा राग ओसरला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं लॅपटॉपसमोरची खुर्ची ओढली. "कूत्को," त्या म्हणाल्या. बस. "टाइप माडु." टाइप कर.

त्या दिवसापासून पुढच्या बुधवारपर्यंत रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट, आणि शनिवार-रविवारी सकाळपासूनच, मी जयलक्ष्मीपुरम गाठायची. मिस डोळे मिटून आकडे सांगायच्या आणि मी टाइप करायची. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, सगळं डोक्यात. अडचण अशी की त्यांना आकडे कानडीत येत. शाळा कानडी, म्हणून हिशेब कानडी. इतक्या वर्षांत मी कानडी आकडे शिकले होते ते वीसपर्यंत, भाजी घेण्यापुरते. इथं सगळे स्वर साठ-सत्तरच्या घरातले. अरवत्तु म्हणजे साठ, अरवत्तेरडु बासष्ट, अरवत्तनाल्कु चौसष्ट. शुक्रवारीच त्या म्हणाल्या एप्पत्तु, म्हणजे सत्तर, आणि मी टाइप केलं इप्पत्तु, म्हणजे वीस. वाजवून बघितलं तर पेटीतून इतका खालचा गुरगुराट आला की मिस दचकल्या. "हे कुणाचं पोट गं?" त्यांनी विचारलं, आणि गुरुवारनंतर पहिल्यांदा हसल्या.

पण स्वरांचे आकडे सोपे होते. वेळेचे आकडे सांगताना त्या थांबायच्या. एका मात्रेचे चारशे ऐंशी भाग असतात, आणि त्या पदाच्या संथ चालीत एक मात्रा म्हणजे साधारण दोन सेकंद. मिस पुटपुटत ओळ मनात म्हणायच्या आणि मग सांगायच्या, "इथे दोनशे चाळीस थांब. दम्याची आहे ही. दुसऱ्या ओळीनंतर तिला अर्धी मात्रा लागते. तिसरीनंतर तीनशे साठ. चौथीला नको, ती ओळ छोटी आहे, एका श्वासात म्हणते ती."

"आणि येलवाल?"

"तिला बस गाठायची असते. तिच्या ओळीला पेटी साठ भाग आधी आण. नाहीतर ती एकटी पडते."

मी टाइप करत गेले आणि मला एकेक बाई दिसत गेली. एकीचे पुढचे दात पडले होते म्हणून तिला 'स' नंतर जरा उसंत हवी. एकजण एकच ओळ नेहमी विसरायची, तिथं पेटीनं तिचा पहिला स्वर आधीच हळूच लावून ठेवायचा, म्हणजे तिला आठवते. आमच्या घरमालकीणबाई शेवटचा स्वर ताणतात आणि आपण किती ताणला ते बघायला सगळ्यांकडे पाहतात, त्याला तीनशे. ज्यांना मी भगदाडं समजले होते ती ही होती. एवढी वर्षं या बाईनं नुसती पेटी वाजवली नव्हती, दहाजणींचे श्वास बोटांत पाठ केले होते. बोटं गेल्यावर ते आकड्यांत उतरवले होते. मला आयुष्यात इतका अभ्यास कशाचाच नाही, स्वतःच्या आईचासुद्धा नाही, हे मला तिथं कळलं आणि लाज वाटली.

बुधवारी संध्याकाळी आम्ही अकराव्या ट्रॅकवर आलो. 'मी'.

मिस भराभर सांगू लागल्या. अरवत्तु, अरवत्तेरडु. सगळं बरोबर रेघेवर. कुठे थांबणं नाही, कुठे उसंत नाही. चार ओळी झाल्या आणि त्या म्हणाल्या, "आयतु."

"मिस, हे चुकलंय," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. चुका काढायची सवय, दुसरं काय.

"काय चुकलं?"

"यात श्वासच नाही कुठे."

"कुणाचा असणार? ते कडवं नुसतं पेटीवर आहे. कुणी गाणार नाही."

"पण तुमचं आहे ना ते?"

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं आता पुन्हा कानडी सुरू होणार. पण त्या मराठीत म्हणाल्या, "पेटी माझ्यासाठी कधी थांबली नाही गं. हात माझा, गळा माझा. मी थांबले की ती आपसूक थांबायची. मला किती लागतात ते मी कधी मोजलंच नाही. आणि आता ही जीभ. लोकांना ऐकवायची नाही मला."

"मी लोक नाही," मी म्हटलं. "मी टायपिस्ट आहे. तुम्ही म्हणा, मी मोजते."

"बेडा," त्या म्हणाल्या. नको.

मी उठले नाही. माझ्यात बाकी काही नसलं तरी चिवटपणा आहे. थोड्या वेळानं त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि म्हटलं. पहिल्या ओळीत 'र' लागला की जीभ अडायची, आणि दुसऱ्या ओळीच्या आधी त्या इतक्या थांबल्या की मला वाटलं सोडून दिलं. पण सूर! सूर जागच्या जागी होता, जराही ढळला नव्हता. मी टेबलावर एका हातानं मात्रा आणि दुसऱ्यानं तिचे भाग मोजत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"किती झाले?" पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या ओळीआधी चारशे ऐंशी. तिसरीआधीही तेवढेच."

"दम्याच्या बाईपेक्षा जास्त?"

"जास्त."

हे त्यांना लागलं, मला दिसलं. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाल्या, "घाल."

मी घातले. सगळ्याची टाइप शून्य काढली. एकात मिसळताना ट्रॅकची नावं पुसली जातात, 'येलवाल', 'दमा', 'मी', सगळी. पण आकडे एकही हलत नाहीत, आणि यावेळी मी तीन ठिकाणी तीन प्रती ठेवल्या.

गुरुवारी आठजणीच आल्या. एकीचा पाय मुरगळला होता, एकीनं निरोपच दिला नाही. मिस मोजत असलेल्या मला दिसल्या. कीबोर्डचं बटण घरमालकीणबाईंनी दाबलं.

पहिलं कडवं सरळ पार पडलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. न आलेल्या दोघींची कडवी सगळ्यांनी मिळून म्हटली. येलवालच्या बाई घुसल्या, तर पेटी त्यांच्यासोबतच घुसली, त्या गाता गाता हसल्या. दम्याच्या बाई उभ्याच राहिल्या. दुसरी ओळ संपली, त्यांनी श्वास घेतला, आणि पेटी थांबली. पूर्ण श्वास होईपर्यंत थांबली. त्यांनी झटकन मिसकडे पाहिलं. मिसचे दोन्ही हात मांडीवर होते. तिसरी ओळ त्यांनी अशी म्हटली की मागच्या कुणाच्यातरी घशातून हुंकार निघाला. घरमालकीणबाईंना पेटीच मिळाली, ढोल नाही, आणि त्यांनी शेवटचा स्वर तीनशेच्याही पुढे ताणला.

मग अकराव्याचे सूर सुरू झाले. कुणीच तोंड उघडलं नाही, सगळ्यांना वाटलं हे नुसतं पेटीवरच आहे. मिसनी बसल्या जागी सुरुवात केली. 'र' अडला. पेटी पुढे गेली नाही. पहिली ओळ संपली आणि पेटी थांबली ती थांबलीच. मी मनात मात्रेच्या भागांचा अंदाज घेत होते. तीनशेच्या आसपास झाले असतील, तेवढ्यात मिसनी दुसरी ओळ उचलली, पेटीच्या आधीच, आणि पहिला स्वर एकटीच धरून ठेवला. मग पेटी आली आणि त्या स्वराखाली लागली. तिसऱ्या ओळीलाही तसंच झालं.

पद संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथं ती पद्धत नव्हती. दम्याच्या बाईंनी डोळे पुसले आणि पेला घेऊन पाणी प्यायला आत गेल्या.

मिसनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "चारशे ऐंशी जास्त होतात गं मला," त्या म्हणाल्या. "नूरैवत्तु काढ."

दीडशे. मला आता कळत होतं. मी लॅपटॉप ओढून घेतला. "आत्ताच काढू?"

"आत्ता कशाला? पुढच्या गुरुवारपर्यंत काढ की."

बोलता बोलता त्या थांबल्या. खोलीतल्या सगळ्याजणीही थांबल्या, कारण ते सगळ्यांनी ऐकलं होतं. येलवालच्या बाई दारात चपला घालत होत्या. त्या वाकलेल्या तशाच राहून म्हणाल्या, "साडेतीनलाच ना, मिस?"